बारा ट्रॅक, तीन भावंडं आणि दोन मामा : क्लॅनडचा पहिला अल्बम ऐकताना

नेहमीसारखीच ही या भागाची लिहिलेली प्रत. बोलताना मी जिथे अडखळलो, जिथे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली'चा पाऊस पाडला, तेवढं काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय एक अल्बम आहे, १९७३ सालचा. माझा जन्म होण्याच्या कितीतरी आधीचा, आणि बहुतेक तुमच्याही. त्यातली निम्मी गाणी आयरिश भाषेत आहेत. ही भाषा मला येत नाही. तरीही गेली दोन वर्षं हा अल्बम माझ्या फोनमध्ये डाउनलोड करून ठेवलाय, कारण बसमध्ये रेंज गेली तरी तो थांबायला नको असतो. तो का, एवढंच आज सांगायचंय.

पाटी एक म्हणते, फोन दुसरं

दोन वर्षांपूर्वी मला सहा महिन्यांसाठी ऑनसाइट मिळालं, आयर्लंडला. घरी सगळ्यांना वाटलं डब्लिन. मलाही तसंच वाटलं होतं. प्रत्यक्षात ऑफिस होतं लेटरकेनीला. हे गाव देशाच्या वायव्य कोपऱ्यात, डोनेगल काउंटीत आहे. आज अख्ख्या डोनेगलमध्ये रेल्वेचा रूळ नाही. डब्लिनहून बसने साधारण चार तास, आणि उतरलात की पाऊस.

एका शनिवारी ऑफिसमधला एक सहकारी म्हणाला, चल, तुला गेलटॅक्ट दाखवतो. गेलटॅक्ट म्हणजे देशाचे ते तुकडे, जिथे आयरिश अजून घरात बोलली जाते. डोनेगलच्या पश्चिम किनाऱ्याला असा एक मोठा तुकडा आहे. आम्ही एरिगल डोंगराच्या कडेने निघालो आणि थोड्या वेळाने माझा गोंधळ सुरू झाला. फोनवरचा नकाशा म्हणतोय 'ग्वीडोर', आणि रस्त्यावरच्या पाटीवर भलतंच लांब स्पेलिंग. मला वाटलं रस्ता चुकलो. सहकारी हसला. म्हणाला, बग नाहीये, नियम आहे. गेलटॅक्टमधल्या पाट्यांवर गावांची नावं फक्त आयरिशमध्ये लिहायची, असा नियम २००५ पासून लागू आहे.

क्रॉली गावाजवळ आम्ही एका पबमध्ये थांबलो. नाव लिओज टॅव्हर्न. भिंतींवर जुने फोटो आणि रेकॉर्ड्स. कोपऱ्यात एक मुलगी फिडल वाजवत होती, तेरा-चौदा वर्षांची असेल, आणि तिच्यापेक्षा लहान भाऊ टिन व्हिसल. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजवण्याची पद्धत तेवढी वेगळी. दोघं एकमेकांकडे अजिबात बघत नव्हते. तो तर चक्क खिडकीबाहेर बघत होता. पण धून बदलायची वेळ आली की दोघं एकाच क्षणी बदलायची. इशारा नाही, मान हलवणं नाही. मी विचारलं, यांना कळतं कसं? सहकारी म्हणाला, एकाच स्वयंपाकघरात मोठी झालीत ती. मग भिंतीवरच्या एका फोटोकडे बोट दाखवून म्हणाला, तीही तशीच.

फोटोत होते क्लॅनड.

मामा फक्त साडेतीन वर्षांनी मोठे

या पबचा मालक होता लिओ ब्रेनन. त्याने तो १९६८ मध्ये सुरू केला. त्याआधी तो शोबँडमध्ये वाजवायचा. शोबँड म्हणजे गावोगावच्या डान्स हॉलमध्ये जाऊन नाचासाठी वाजवणारे मोठे ताफे. त्याची बायको संगीतशिक्षिका, आणि तिचं टोपणनाव होतं बाबा. हो, आईचं नाव बाबा! मराठी माणसाने हे वाक्य दोनदा वाचायला हरकत नाही.

त्यांना नऊ मुलं. थोरली मोया. तिच्यासोबत कीरन आणि पॉल हे भाऊ, आणि आईचे दोन जुळे भाऊ, नोएल आणि पॉड्रिग डुगन, अशा पाच जणांनी १९७० मध्ये एकत्र वाजवायला सुरुवात केली. जुळे मामा जन्मले जानेवारी १९४९ मध्ये, मोया ऑगस्ट १९५२ मध्ये. म्हणजे मामा भाचीपेक्षा फक्त साडेतीन वर्षांनी मोठे. त्यामुळे हा गट भावंडांचा म्हणा किंवा मामा-भाच्यांचा, व्यवहारात पाचही जण एकाच पिढीचे.

नावही तिथूनच आलं. आधी ते म्हणवून घ्यायचे 'अन क्लान अस डोर', म्हणजे डोरचं कुटुंब. आयरिशमध्ये 'क्लान' म्हणजे एका घरची मुलं. पुढे ते आखडून झालं क्लॅनड.

शोधताना एक अडचण येते, ती आधीच सांगून ठेवतो. या घरातल्या माणसांची आडनावं तुम्हाला दोन-तीन प्रकारे लिहिलेली दिसतील. इंग्रजीत सगळे ब्रेनन. आयरिशमध्ये मुलाच्या आडनावाआधी 'ओ' लागतं आणि मुलीच्या आडनावाआधी 'नी', वर मुलीच्या आडनावाचं पहिलं अक्षरही बदलतं. मी पहिल्यांदा यादी केली तेव्हा मला एकाच घरात दोन वेगळी कुटुंबं दिसली. डेटाबेसमध्ये डुप्लिकेट रेकॉर्ड असावेत तसं. याच घरातली धाकटी बहीण एथना, जिला जग एन्या म्हणून ओळखतं. ती १९८० मध्ये गटात आली आणि १९८२ मध्ये स्वतंत्र झाली. आजच्या अल्बममध्ये ती नाही. १९७३ मध्ये ती अकरा-बारा वर्षांची होती.

ही मुलं वडिलांच्या पबमध्ये गायची. पारंपरिक गाणी तर होतीच, पण बीटल्स आणि बीच बॉइजचीही गाणी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लेटरकेनीच्या लोकसंगीत महोत्सवात त्यांना पहिलं बक्षीस मिळालं आणि त्यातून रेकॉर्डिंगचा करार. फिलिप्स कंपनीने १९७३ मध्ये त्यांचा पहिला अल्बम काढला. अल्बमचं नावही 'क्लॅनड'च.

ज्या गावात मी रोज लंच ब्रेकला सँडविच खात होतो, त्याच गावात हे बक्षीस मिळालं होतं. मला ते चार महिने राहिल्यावर कळलं.

गाणं कुणाचं?

आता मुद्द्याकडे येतो. पहिला अल्बम म्हटलं की आपण विचारतो, गाणी कुणी लिहिली? आयरिश पारंपरिक संगीतात बहुतेक वेळा याला उत्तरच नसतं. रेकॉर्डवर रचनाकाराच्या जागी 'ट्रॅडिशनल' लिहिलेलं असतं आणि पुढे 'अरेंज्ड बाय' अमुक. धून कुणाचीच नाही, मांडणी तुमची.

माझ्यातल्या इंजिनियरला लगेच वाटलं, अरे, हे तर ओपन सोर्स! पण पूर्ण जुळत नाही. ओपन सोर्समध्ये पहिला कमिट कुणाचा ते लॉगमध्ये दिसतं. इथे लॉगच नाही. कानाने ऐकलं, हाताने वाजवलं, पुढच्याने ऐकलं. शिकागोचा पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील मूळचा आयर्लंडचा. त्याने आपल्यासारख्याच स्थलांतरित वादकांकडून धुना गोळा केल्या आणि १९०३ मध्ये १,८५० रचनांचं पुस्तक छापलं. तरी एकच धून दोन गावांत दोन तऱ्हेने वाजतच राहिली. आज याच धुना लोक साध्या टेक्स्टमध्ये लिहून नेटवर टाकतात. त्या लिपीला 'एबीसी' म्हणतात आणि ती कुठल्याही नोटपॅडमध्ये उघडते. तिथेही एका धुनेखाली पाच-सहा रूपं असतात. कुठलं बरोबर, असं कुणी विचारत नाही. तुझं कुठलं, असं विचारतात.

धुनेचा साचा मात्र पक्का असतो. अल्बममधलं 'हार्वेस्ट होम' लावा. ही हॉर्नपाइप आहे, जरा डुलत चालणारी नाचाची धून. बोटांवर मोजा. पहिला भाग आठ मात्रावर्तनांचा, तो दोनदा. मग दुसरा भाग आठांचा, तोही दोनदा. एकूण बत्तीस, की पुन्हा पहिल्यापासून. बहुतेक रील, जिग, हॉर्नपाइप याच हिशोबात बसतात. एकदा हे मोजता आलं की पबमधली ती दोघं न बघता एकत्र कशी बदलत होती, ते निम्मं कळतं. साचा दोघांच्या अंगात आहे. उरलेलं निम्मं म्हणजे साच्याच्या आत काय करायचं: कुठला सूर किंचित उशिरा घ्यायचा, कुठे बोटाची टिचकी मारून सूर तोडायचा, कुठे श्वास घ्यायचा. वादकाची सही असते ती एवढ्याशा जागेत.

एका गळ्यातलं गाणं पाच जणांचं होतं

धुनांचं हे झालं. गाण्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि या अल्बमने खरी जोखीम घेतली ती तिथे.

आयरिशमधल्या जुन्या गाण्यांच्या गायकीला 'शॅन-नोस' म्हणतात, शब्दशः जुनी रीत. एक माणूस, साथीला एकही वाद्य नाही. ताल बराचसा शब्दांच्या मर्जीवर. गायक अनेकदा डोळे मिटून गातो, आणि कधी शेजारी बसलेला माणूस त्याचा हात हातात घेऊन हळूहळू फिरवत राहतो, जणू गाणं आतून ओढून काढतोय. यात दुसऱ्या आवाजाला जागाच नसते. दोन जणांनी दोन वेगळ्या सुरांत एकत्र गाणं ही त्या रीतीत बसणारी गोष्ट नव्हे.

क्लॅनडने हीच गाणी घेतली. मोयाचा आवाज आणि हार्प, मामांची गिटार आणि मँडोलिन, पॉलची बासरी, आणि खाली कीरनचा डबल बेस. डबल बेस म्हणजे माणसाच्या उंचीचं ते तंतुवाद्य, जे आपण जॅझच्या फोटोंत बघतो. डोनेगलच्या गाण्याखाली डबल बेस! त्या काळात इंग्लंडमध्ये पेंटँगल नावाचा गट लोकगीत आणि जॅझ यांची अशीच सांगड घालत होता, त्या वळणाचा हा आवाज आहे.

हे त्यांनाच पहिल्यांदा सुचलं असं मात्र नाही. दोन वर्षं आधी, १९७१ मध्ये, 'स्कारा ब्रे' नावाचा एक अल्बम आला होता. त्यातही तीन भावंडं होती: मिहॉल, ट्रिओना आणि माय्रेड ओ डोनेल, आणि सोबत डेरीचा मित्र दाही स्प्रूल. ही भावंडं राहायची मीथ काउंटीत, पण सुट्टीत डोनेगलच्या रॅनाफास्टला यायची, आणि त्यांची बरीच गाणी त्यांच्या आत्याकडून, नेली नी डोनेलकडून आलेली होती. आयरिश गाणी गिटारसोबत आणि वेगवेगळ्या सुरांत एकत्र गाण्याचं काम त्यांनी आधी केलं. दोन्ही घरं जवळजवळच्या गावांशी बांधलेली, दोन्हीकडे भावंडं. मला हा योगायोग वाटत नाही.

का, ते सांगतो. हा माझा अंदाज आहे. वेगळ्या सुरांत एकत्र गाताना सूर जुळले तरी शब्द जुळावे लागतात. 'आ' किती रुंद, 'ओ' किती गोल, शेवटचं अक्षर कधी सोडायचं. एकाच आईचं बोलणं ऐकत वाढलेल्या मुलांचे स्वर आधीच सारखे असतात. दुसरं कारण डोनेगलच्या गायकीत आहे. कॉनेमाराच्या शॅन-नोसमध्ये हरकती भरपूर, ताल मोकळा. डोनेगलची गाणी त्यामानाने सरळ, ठेका बराच नेमका. अशा गाण्याखाली गिटार घालता येते, गाणं मोडत नाही.

कुठून ऐकायला सुरुवात करायची

तीन ट्रॅक सुचवतो, याच क्रमाने ऐका.

पहिला 'नील शे ना ला'. अर्थ, अजून उजाडलं नाही. पबमध्ये बसलेला एक गडी आहे. मालकीण म्हणते, उजाडलं, ऊठ. हा म्हणतो, छे, चांदणंच आहे ते. इतकीच गोष्ट. शब्द कळले नाहीत तरी हरकत नाही. हा माणूस उठणार नाहीये एवढं चालीतून कळतं. बेसकडे लक्ष ठेवा, तो जवळपास स्वतःची वेगळी गोष्ट सांगत असतो. पुढे मैफलीत क्लॅनड हे गाणं फुलवत फुलवत दहा मिनिटांपर्यंत न्यायचे.

दुसरा 'अन वाय्जन वारा', म्हणजे जलपरी. डोनेगलच्या किनाऱ्यावरचं गाणं. समुद्रातली बाई जमिनीवर संसार करते, मुलं होतात, आणि एक दिवस समुद्र तिला परत बोलावतो. गाण्यात आई आणि मुलगी बोलतात. इथे वाद्यांनी स्वतःला आवरलंय. जुनी रीत कुठे जपायची हे या पोरांना कळत होतं, ते या ट्रॅकवर ऐकू येतं.

तिसरा 'मिसेस मॅकडरमॉट'. यात शब्द नाहीत. ही धून टर्लो ओकॅरोलनची, म्हणजे इथे रचनाकार माहीत आहे. कॅरोलन १६७० मध्ये जन्मला. अठराव्या वर्षी देवी आल्या आणि दृष्टी गेली. मॅकडरमॉट रो घराण्यातल्या बाईंनी त्याच्या हार्प शिकण्याची सोय केली, घोडा दिला. पुढे आयुष्यभर तो घरोघरी फिरून वाजवत राहिला आणि ज्यांनी आसरा दिला त्यांच्या नावाने धुना बांधत राहिला. १७३८ मध्ये तो गेला. त्याची धून १९७३ मध्ये एकवीस वर्षांची मुलगी तिच्या काळच्या गिटारींसोबत वाजवते.

आणि शेवटचा ट्रॅक 'मॉर्निंग ड्यू' ऐकून गोंधळू नका. तो आयरिश नाहीच. बॉनी डॉबसन या कॅनेडियन गायिकेचं ते गाणं आहे, अणुयुद्धानंतरच्या ओसाड जगाचं. मग पारंपरिक म्हणवणाऱ्या अल्बमवर ते कशाला? मला वाटतं, कारण ती पोरं १९७३ मध्ये जगत होती. जलपरी आणि अणुबॉम्ब दोन्ही त्यांच्या डोक्यात होते. हा अल्बम त्यांचा सर्वांत पक्का आहे असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी तो चाचपडतो. पण पुढे यांच्या हाती काय लागणार आहे, ते सगळं इथे उघड्यावर मांडलेलं दिसतं.

या भाषेत गाऊन काय मिळणार?

आता त्या निम्म्या गाण्यांबद्दल.

आयरिश ही देशाची पहिली राजभाषा आहे, शाळेत सगळे शिकतात. पण १८४५ नंतरच्या मोठ्या दुष्काळात सगळ्यांत जास्त माणसं मेली किंवा जहाजात बसून गेली ती याच भाषेच्या गरीब पश्चिम भागातली. ज्याला अमेरिकेला किंवा स्कॉटलंडच्या शेतांवर जायचंय त्याला इंग्रजीच हवी. अल्बमवर 'अन तिल्यान ऊर' नावाचं गाणं आहे. अर्थ होतो नवं बेट. हे बेट म्हणजे अमेरिका. भाषेवर गरिबीचा शिक्का बसला तो असा. २०२२ च्या जनगणनेत अठरा लाखांहून जास्त लोकांनी आयरिश येतं असं सांगितलं. शाळेबाहेर ती रोज बोलणारे मात्र साधारण ७२ हजार.

क्लॅनडचा अल्बम आला तो काळही बघा. १९६९ मध्ये गेलटॅक्टमधल्या तरुणांनी नागरी हक्कांची चळवळ सुरू केली. एप्रिल १९७२ मध्ये आयरिश भाषेचं स्वतंत्र रेडिओ स्टेशन सुरू झालं, रेडिओ ना गेलटॅक्टा, आणि त्याचा एक स्टुडिओ या मुलांच्याच भागात. उलट १९७३ मध्ये शाळेची शेवटची परीक्षा पास व्हायला आयरिशमध्ये पास व्हावंच लागेल, ही अट सरकारने काढून टाकली. म्हणजे एकीकडे भाषेला आवाज मिळत होता आणि दुसरीकडे सक्ती सुटत होती. अशा वेळी वीस-एकवीस वर्षांची पोरं ही भाषा स्टेजवर घेऊन गेली. आयरिशमध्ये गाऊन कुठे पोचणार, असं त्यांना ऐकवलं जायचं, हे मोया ब्रेनन यांनी पुढे अनेकदा सांगितलंय. इंग्रजी तर त्यांना येतच होती, पबमध्ये बीटल्स गातच होते. सोपा रस्ता समोर होता.

इथे मला थोडं स्वतःबद्दल बोलायचंय. मी यवतमाळचा. पुण्यात इंजिनियरिंगला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात हॉस्टेलवर 'मी येऊन राहिलो' म्हणालो आणि खोलीभर हशा पिकला. कुणी वाईट नव्हतं, चार वर्षं तीच पोरं माझे जिवलग राहिली. पण मी त्या दिवसापासून बोलणं बदललं. इतकं बदललं की हे पॉडकास्ट सुरू केलं तेव्हा एकदाही वऱ्हाडी शब्द तोंडातून निसटला नाही. पहिला भाग ऐकून धाकट्या बहिणीचा फोन आला: "दादा, हे तू कोन्या गावचं बोलून राहिला?" मी हसण्यावारी नेलं. लिओज टॅव्हर्नमध्ये त्या फोटोखाली उभं राहिल्यावर मला तिचा तो प्रश्न आठवला. वऱ्हाडी बोलणारे लाखो आहेत, तिची गोष्ट आयरिशसारखी नाही. तुलना इथेच थांबवतो. पण हशा ऐकू आल्यावर माणूस काय करतो, ते मला ठाऊक आहे. म्हणून या पोरांनी काय केलं, त्याची किंमत मला जरा जास्त कळते.

आणि त्यांनी ते गोठवून केलं नाही. जुन्या लोकांकडून गाणी घेतली, पण जशीच्या तशी काचेच्या पेटीत ठेवली नाहीत. त्यात बेस घातला, चार आवाज घातले. जुन्या रीतीच्या कानाला ते खटकलं असणार, आणि बाजाराला भाषा खटकत होती. दोन्हीकडून थोडं थोडं ऐकून घ्यायची तयारी ठेवूनच हा अल्बम झालाय.

मग पुढे काय झालं

लगेच काही झालं नाही. १९७५ मध्ये ते जर्मनीच्या दौऱ्यावर गेले. ज्या श्रोत्यांना एक शब्द कळत नव्हता त्यांनी डोक्यावर घेतलं, आणि त्यानंतर या मंडळींनी पूर्णवेळ संगीतच करायचं ठरवलं. दुसरा अल्बम आयरिश भाषेसाठी १९५३ मध्ये स्थापन झालेल्या 'गेल लिन' या संस्थेने काढला, आणि त्यावर पाहुणे म्हणून कोण वाजवतंय? स्कारा ब्रेमधले ट्रिओना आणि मिहॉल. दोन घरची भावंडं एका रेकॉर्डवर आली.

१९८२ मध्ये 'हॅरीज गेम' या ब्रिटिश टीव्ही मालिकेसाठी त्यांनी शीर्षकगीत केलं, आयरिशमध्येच. ते ब्रिटनच्या चार्टवर पाचव्या क्रमांकावर गेलं. ज्या भाषेत गाऊन कुठे पोचणार म्हणून विचारत होते, ती तिथे पोचली. त्या गाण्यात सिंथेसायझरचे ढग आहेत आणि आवाजांवर आवाज चढवलेत. आज 'केल्टिक' म्हणून प्लेलिस्टमध्ये जे धुकं-धुकं संगीत वाजतं त्याचं मूळ बरंचसं तिथे आहे. माझी विनंती एवढीच, की त्या धुक्यातून मागे चालत या. १९७३ मध्ये धुकं नाही. तिथे लाकूड, तारा आणि पाच माणसांचा श्वास स्पष्ट ऐकू येतो.

दोन्ही मामा आता नाहीत. पॉड्रिग २०१६ मध्ये गेले, नोएल २०२२ मध्ये.

या आठवड्याचं काम

हेडफोन लावा, फोनच्या स्पीकरवर नको, बेस ऐकूच येणार नाही. 'हार्वेस्ट होम' लावून बत्तीस मोजा. तिसऱ्यांदा चुकणार नाही. मग 'नील शे ना ला' दोनदा ऐका: एकदा फक्त मोयाच्या आवाजाकडे लक्ष देऊन, एकदा फक्त बेसकडे. जमलं तर शेवटी स्कारा ब्रेचा अल्बमही ऐका आणि मला कळवा, दोन घरांच्या आवाजात तुम्हाला काय फरक वाटला. मला उत्तर पक्कं सापडलेलं नाही.

पुढच्या भागात माझी धाकटी बहीण सोबत असेल. आजीकडून ऐकलेली काही गाणी तिला पाठ आहेत, मला अर्धी आठवतात. तिने एकच अट घातलीये. तिच्याच शब्दांत: "मी आपलं घरचंच बोलीन. अन् तुले एडिट करता येनार नाई."

मान्य केलंय. भेटू.